भ्यालेलं दूध

दिवाळीच्या सुट्टीआधीचा आठवडा म्हणजे शिकवणाऱ्याची परीक्षा असते. पोरांची मनं कधीच किल्ल्याच्या मातीत जाऊन बसलेली असतात आणि आपण त्यांच्यापुढं इंग्रजीचं पुस्तक नाचवत बसायचं. मी कोल्हापुरातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. माझा आवाज शेजारच्या वर्गातही पोचतो आणि तिथली मुलंही माझ्याच धाकानं गप्प बसतात, असं शिक्षकांच्या खोलीत म्हणतात. म्हणू देत. मला त्याचा अभिमानच आहे.

तर त्या आठवड्यात नववीच्या धड्यात एक शिपाई सेनापतीपुढं उभा राहतो आणि 'क्वेल' करतो. मी शब्द फळ्यावर लिहिला, 'घाबरणे' असा अर्थ सांगितला आणि पुढं निघाले. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, बाई, 'ड्रेड'चा अर्थ तुम्ही घाबरणे दिलाय, 'श्रिंक'चापण घाबरणेच दिलाय आणि आता याचापण तोच. मग इंग्रजांनी एवढे शब्द कशाला करून ठेवलेत?

मला असा राग आला म्हणता! कारण पोरगी बरोबर बोलत होती. तिला मी खाली बसवलं, उद्या सांगते म्हणाले, आणि घरी येईपर्यंत माझं डोकं ठणकत राहिलं. आपल्याकडं तरी कुठं एकच शब्द आहे? पोरगं गणिताला भितं, फटाक्याला दचकतं, मास्तरांना टरकतं. बैल बुजतो. नवी सून बिचकते. वाईट बातमी आली की चांगला धडधाकट माणूस हबकतो. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी घालून बघा, तोंडात खडा आल्यासारखं होतं. मग मीच त्या बिचाऱ्या शिपायाला नुसतं 'घाबरला' म्हणून कसं काय मोकळं केलं?

त्या दिवशी मी चहासुद्धा न घेता जाडजूड शब्दकोश काढून बसले, मग मोबाइलवर शोधलं. 'क्वेल' नावाचा एक पक्षीही आहे, आपला लावा, पण त्याचा इथं काही संबंध नाही असं जाणकार सांगतात. क्रियापद पाच-सहाशे वर्षं जुनं. पहिल्यांदा त्याचा भीतीशी संबंधच नव्हता. झाड कोमेजलं, माणूस खंगला, जोर ओसरला, अशा अर्थानं ते वापरायचे. भीती त्यात मागाहून शिरली. म्हणजे हे पळून जाणं नव्हे, थरथरणंही नव्हे. समोर काहीतरी उभं राहिलं आणि आतला माणूस तिथल्या तिथं खचला, ते 'क्वेल'. आणि हे आलं कुठून, तर नक्की कुणालाच ठाऊक नाही. कुणी म्हणतं डच लोकांच्या सोसण्याच्या शब्दावरून आलं. आणि कुणी म्हणतं, जुन्या फ्रेंचमधल्या दूध नासण्याच्या शब्दावरून. इंग्रजीतही एके काळी दूध 'क्वेल' व्हायचं म्हणे.

दूध नासणं! मला ते इतकं आवडलं की मी वही मिटून सरळ मागच्या गोठ्यात गेले.

आमचं घर पेठेत आहे. पुढं दोन भावांची दोन बिऱ्हाडं, मधे एकच अंगण आणि मागं गोठा. गोठा धाकट्या दिरांचा. त्यांना दुधाचं वेड होतं. मागच्या दिवाळीआधी ते अचानक गेले, आणि गोठ्यात एक म्हैस आणि तिच्यामागं माझी धाकटी जाऊ उरली. म्हशीला नाव आहे, पण मी इथं लिहीत नाही. नाव लिहिलं की दृष्ट लागते, असं जावेचं म्हणणं आहे आणि म्हशीच्या बाबतीत मी तिच्याशी वाद घालत नाही.

जाऊ धारेला बसली होती. मी तिला उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, की बघ, माणूस भ्याला की आतून दुधासारखा नासतो, असं त्या लोकांना वाटत असावं. आपण नाही का काळजाचं पाणी झालं म्हणत, तसंच. तिनं हात न थांबवता ऐकून घेतलं. ती हुपरीची. तिच्या माहेरी घरोघर पैंजण घडवतात, आणि तिचं बोलणंही तसंच, ठोकून घेतल्याशिवाय पुढं जात नाही. म्हणाली, "अक्का, भांडं खरकटं असलं की दूध नासतंय. भ्यालं की न्हाय. म्हस भ्याली तर पान्हाच चोरती. दूध भाईरच येत न्हाय, मग नासायचं कुठनं?"

मी म्हटलं, हे तुझं म्हशीचं झालं, मी माणसाचं बोलते आहे. ती म्हणाली, माणसाचं मला काय ठावं न्हाय. आणि दोघीही हसलो. पण तिचं हसू अर्ध्यावरच थांबलं, ते कशासाठी हे मला माहीत होतं.

म्हैस विकायची चालली होती. माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं, की म्हैस सांभाळणं एकट्या बाईचं काम नव्हे. पावसाळ्यात तिनं जावेला एकदा भिंतीशी दाबलं होतं, खांदा महिनाभर दुखत होता. यांचा जीव तेव्हापासून थाऱ्यावर नव्हता. कागलचे एक पावणे म्हैस बघून गेले होते, त्यांना ती पसंत होती. जाऊ नको म्हणत होती. तिनं तोंडानं कधी सांगितलं नाही, पण म्हैस गेली तर तिचं उठणं, बसणं, पहाट, सगळंच जाणार होतं. नवरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा ती धार काढायला उठली होती. त्या धारेनंच तिला उभं ठेवलंय, हे मला दिसत होतं.

शेवटी यांनी तोडगा काढला. आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यावर काढतात. मालक फटफटीवरून पुढं आणि म्हैस त्याच्या मागं मोकळी पळत, दोरी नाही, काही नाही. नुसत्या गाडीच्या आवाजावर येते. ज्याच्या मागं म्हैस पळाली त्याची ती म्हैस, असं पेठ मानते. मागचा पाडवा दुखवट्यात गेला. यंदा कोण काढणार? हे म्हणाले, तू काढ. तुझ्यामागं आली तर राहू दे, नाही तर कागलला जाऊ दे. पावण्यांनाही त्यांनी तसाच शब्द दिला.

मला वाटलं ही नाही म्हणेल. ती म्हणाली, "मी नेतो की." आमच्याकडं बायकाही असंच बोलतात, आणि ते तिला तेव्हा फारच शोभलं.

मग सुरू झाली तालीम. दिरांची जुनी फटफटी बाहेर निघाली. जावेला मोपेड येत होती, पण गिअरची गाडी कधी चालवली नव्हती. रोज संध्याकाळी पेठेमागच्या मैदानात आमचे हे शिकवायला, ती शिकायला आणि मी ओरडायला. पायांत यांचे बूट, तेही मोठे म्हणून आत चिंध्या कोंबलेल्या. पहिल्या दिवशी गाडी उडी मारून बंद पडली, मग सारखीच पडत राहिली. मी सूचना देत होते. जावेनं एकदाच मागं वळून विचारलं, की अक्का, तुमाला येती काय ही? त्यानंतर मी कठड्यावर बसून गप्प बघितलं. आठवड्याभरात ती सफाईनं गोल फेऱ्या मारू लागली, आणि सायलेन्सर फुटलेली ती गाडी ठणाठण बोंबलत निघाली की म्हैस कान टवकारून मागं धावायची. मी आनंदानं टाळ्या पिटल्या. खोटं कशाला बोलू, डोळेही पुसले.

जाऊ मात्र म्हणायची, हितं कोण बगत न्हाय म्हणून जमतंय. म्हशीचं भ्या न्हाय, गाडीचं न्हाय, लोकांचं वाटतंय.

पाडव्याला सकाळी म्हशीला भादरून, तेल चोळून चमकवलं. शिंगांना हुरमंजाचा तांबडा रंग लावला, वर मोरपिसं बांधली. जावेच्या भावानं हुपरीहून घुंगरांचा पट्टा आणला होता, तो गळ्यात घातला. म्हैस अशी काही दिसत होती की मीच तिच्यापुढं साधी वाटत होते. एवढ्यात आमचे हे गाडी घेऊन आले. आदल्या दिवशी ती कुठं नेली होती, काही बोलले नव्हते. बघते तर गाडी लखलखीत! धुतलेली, पुसलेली, आणि आरशासारखा नवा सायलेन्सर. फुटक्या सायलेन्सरच्या गाड्या पोलीस धरतात, उद्या चौकात बाईमाणसाला अडवलं तर काय, असं यांच्या मनानं घेतलं होतं. जावेच्या डोळ्यांत पाणी आलं. मला यांचं कौतुक वाटलं. तिघांच्या तीन डोक्यांत मिळून एक गोष्ट आली नाही, आणि आम्ही गाजावाजा करत चौकात गेलो.

चौकात दोन्ही बाजूंनी ही गर्दी. आमच्या पुढच्या दोन म्हशी दणक्यात पळून गेल्या, पाठोपाठ शिट्ट्या. चहाच्या गाड्याजवळ कागलचे पावणेही येऊन उभे होते. जावेनं पदर खोचला, गाडीवर बसली आणि किक मारली. गाडीचा आवाज आला शिलाई मशीनचा. मऊ, गोड, एकसारखा. आमच्या यांनी म्हशीची दोरी सोडली. जाऊ निघाली, चौकाच्या टोकापर्यंत गेली आणि तिनं मागं वळून बघितलं. म्हैस जिथल्या तिथं उभी.

ती परत फिरून आली, गाडी जोरात रेस केली. म्हैस दोन पावलं मागंच सरली. गर्दीतून कुणीतरी विचारलं, म्हशीला रिक्षा सांगू काय? सगळे हसले. मी त्या माणसाला जे उत्तर दिलं ते माझ्या विद्यार्थ्यांच्या कानावर न गेलेलंच बरं. मागून दुसऱ्या म्हशींवाले हॉर्न वाजवायला लागले. आमचे हे माझ्याजवळ आले, चेहरा पडलेला, आणि कानात म्हणाले, सायलेन्सर. जुना आवाज गेला, तिला गाडी ओळखूच येईना. चाळीशी उलटलेला, सगळा जन्म कोल्हापुरात काढलेला माणूस पाडव्याच्या म्हशीपुढं गाडी मुकी करून आणतो, याला काय म्हणावं!

आणि मग मी जावेकडं पाहिलं. ती पळाली नाही, थरथरली नाही, रडली नाही. गाडीवर बसूनच होती, पण तिच्या चेहऱ्यावरचं तेज माझ्या डोळ्यांदेखत निघून चाललं होतं. ओठ पांढरे पडले. उकळत्या दुधात पहिली कणी दिसावी आणि मग पाणी वेगळं होत जावं, तसं काहीतरी तिच्यात होत होतं. नववीच्या वर्गाला दुसऱ्या दिवशीही जे मला नीट सांगता आलं नव्हतं ते माझ्यासमोर उभं होतं, आणि मला ते समजल्याचा काडीचाही आनंद झाला नाही. मला भीती वाटली. जाऊन तिचा हात धरावा आणि घरी न्यावं असं वाटलं. गेली म्हैस तर गेली.

मी पाऊल उचललंही. तेवढ्यात तिची नजर म्हशीवर गेली. म्हशीच्या खांद्याचं कातडं सारखं थरथरत होतं. माशी बसली की थरथरतं तसं, पण माशी एकही नव्हती. जावेनं ते पाहिलं मात्र, गाडी बंद केली. भर रस्त्यात ती स्टँडला लावली. वाकून पायांतले यांचे बूट काढले, चिंध्यांसकट बाजूला ठेवले आणि अनवाणी चालत म्हशीपाशी आली. तिच्या कपाळावर तळवा ठेवला. मी हाताच्या अंतरावर होते म्हणून ऐकू आलं. रोज पहाटे धारेला बसताना म्हणते तेच ती म्हणाली.

"मी हाय की गं."

मग ती वळली आणि जिभेनं टक् टक् आवाज करत चालू लागली. एकदाही मागं बघितलं नाही. म्हशीनं मान हलवली. घुंगरू वाजले. एक पाऊल, मग दुसरं. जाऊ पळायला लागली, आणि तिच्या मागं म्हैस! गाडी नाही, काही नाही, साडी खोचलेली अनवाणी बाई पुढं आणि मोरपिसं हलवत ते काळंभोर धूड मागं. गर्दीत जो काही दंगा उठला तो पार नदीपर्यंत गेला असेल. मगाशी रिक्षा सांगणारा सगळ्यांत मोठ्यानं शिट्टी मारत होता. मी पळत होते, हसत होते आणि बहुतेक काहीतरी ओरडतही होते. माझ्या मागं आमचे हे, हातात बूट, ती चकचकीत गाडी ढकलत. तिच्यावर बसून यावं हेसुद्धा त्यांना सुचलं नव्हतं.

पण कागलचे पावणे काही कच्चे नव्हते. ते आमच्याबरोबर घरी आले, लाडू-चिवडा खाल्ला आणि शांतपणे म्हणाले, ठरलं होतं गाडीमागं पळायचं. वर म्हैस चौकात भ्याली, ते सगळ्यांनी पाहिलं. भ्यालेली म्हैस एकट्या बाईला आवरत नाही. संध्याकाळच्या धारेपर्यंत थांबतो. तिनं पान्हा सोडला तर माझं काही म्हणणं नाही, चोरला तर मी घेऊन जातो. आमच्या यांनी माझ्याकडं बघितलं, मी यांच्याकडं. यांचा स्वभाव असा, की दिलेल्या शब्दापुढं स्वतःच्या मनाचंही ऐकत नाहीत. पावण्यांचं बोलणं त्यांना पटत होतं आणि आवडत अजिबात नव्हतं. जावेनंच उत्तर दिलं. थांबा म्हणाली.

दिवे लावायच्या वेळेला ती चरवी घेऊन गोठ्यात गेली. मी दाराशी उभी राहिले, माझ्या मागं हे आणि पावणे. तिनं रेडकू सोडलं, त्यानं ढुशा दिल्या, काही मिळेना म्हणून वैतागलं. तिनं ते बाजूला बांधलं, कास धुतली, बसली आणि हात लावला. काही नाही. पुन्हा बोटं फिरवली. काही नाही. म्हैस समोर बघत नुसती उभी. पावण्यांनी घसा साफ केला.

जाऊ थांबली. तिनं कपाळ म्हशीच्या पोटाला टेकवलं आणि तशीच बसून राहिली. तेव्हा मला तिची पाठ दिसली. ती थरथरत होती. चौकात जे थोपवून धरलं होतं ते आत्ता आलं होतं. मी गोठ्यात जाऊन तिच्याजवळ खाली बसले, शेणात की कशात ते पाहिलं नाही, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. पावसाळ्यात दुखावलेला तोच खांदा. हळूहळू तिचा श्वास खाली बसला. म्हशीनंही एक मोठा सुस्कारा सोडला.

आणि चरवीच्या तळावर पहिली धार वाजली.

मग दुसरी. मग दोन्ही हातांनी, एकामागून एक, आणि बघता बघता चरवीत फेस चढू लागला. आवाज दाराबाहेरपर्यंत जात होता, कुणाला काही सांगायची गरज नव्हती. जाऊ रडत होती, गालांवरून सरळ ओघळ चालले होते, पण हात काही थांबले नाहीत. मान न वळवता ती म्हणाली, "भावजी, पावण्यास्नी च्या द्या आन् लावून द्या."

आमचे हे इतक्या आनंदानं चहा ठेवायला गेले की साखर दोनदा घातली, असं नंतर कळलं. मी तिथंच बसून होते. धार संपत आली तेव्हा जावेनं पदरानं तोंड पुसलं, चरवी उचलून माझ्यापुढं धरली. गरम, दाट, फेसाळलेली. म्हणाली, "अक्का, तुमच्या त्या इंग्रजाला सांगा. न्हाय नासलं."